पट्टीपासून पडद्यापर्यंत

अॅपमधले जे डोळ्यांना दिसते आणि बोटाने दाबता येते, त्याला यूजर इंटरफेस म्हणतात. मागचा सर्व्हर, माहितीचा साठा, हिशोबाची सूत्रे वापरणाऱ्याच्या गावीही नसतात. त्याच्या लेखी पडदा म्हणजेच अॅप. पडद्यावरचे बटण कळले नाही, तर मागचा प्रोग्राम कितीही हुशारीने लिहिलेला असो, तो त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. स्टार्टअप काढणाऱ्याला हे बहुधा उशिरा उमगते, कारण त्याचे सगळे लक्ष कल्पनेवर, भांडवलावर आणि प्रोग्रामरच्या मिनतवारीवर खर्च झालेले असते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच टोचतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा. पिके सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतचा मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, हळदीसाठी दूरवर माहीत आहेत. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. इथे सुचणारे नवे धंदे याच मातीतले असतात: आजचा भाव गावात बसून कळावा, हळद शिजवायचा कुकर भाड्याने मिळावा, भाव वाढेपर्यंत कट्टे, म्हणजे भरलेली पोती, कुठे ठेवता येतील ते समजावे. ज्याला हे सुचते तो कृषी पदवीधर असतो, कधी इंजिनिअर, कधी आडत दुकानात वाढलेला पोरगा. डिझाइनर जवळजवळ कधीच नसतो. पुण्या-मुंबईचा डिझाइनर परवडत नाही, आणि परवडला तरी कट्टा म्हणजे काय, मोंढ्यात माल कसा विकला जातो, हे त्याला समजावण्यातच आठवडा जातो. मग पहिला पडदा संस्थापकालाच रचावा लागतो.

त्यासाठी चित्रकला यावी लागते हा पहिला गैरसमज. इंटरफेसचे दोष बहुतेक वेळा सौंदर्याचे नसतात, समजुतीचे असतात. नव्या घरी आलेला पाहुणा आठ बटणांच्या बोर्डासमोर उभा राहून पंखा लावायला जातो आणि एकामागून एक सगळे दिवे लावत सुटतो. बोर्ड देखणा असतो, चकचकीत असतो. कुठले बटण कशाचे, एवढेच तो सांगत नाही. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1988 साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर जे पुस्तक लिहिले त्यात नेमके हेच दुखणे मांडले होते: ढकलायचे की ओढायचे ते न सांगणारी दारे, कुठल्या शेगडीची हे न कळणारी बटणे. चूक झाली की माणूस स्वतःला अडाणी म्हणतो, पण दोष बहुधा वस्तूचा असतो. ‘आमच्या शेतकऱ्यांना मोबाइल वापरता येत नाही’ असे म्हणणाऱ्या संस्थापकाने ते पुस्तक आधी वाचावे. तोच शेतकरी व्हॉट्सअॅपवर दिवसाला दहा फोटो पाठवत असतो.

शिकायला सुरुवात कुठून करायची? मोंढ्यातून. माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याच्या हातात जी हिशोबपट्टी देतो, ती या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घासूनपुसून तयार झालेली इंटरफेस आहे. वर दुकानाचे नाव, त्याखाली तारीख, शेतकऱ्याचे नाव आणि गाव. मग माल, कट्टे, वजन, भाव आणि त्यांचा गुणाकार. त्याखाली हमाली, तोलाई अशी वजावट, आणि तळाशी हातात पडणारी रक्कम. शेतकरी पट्टी वरून खाली वाचत नाही. तो आधी तळाचा आकडा बघतो, मग भाव, मग वजन. वजावटीवर नजर शेवटी जाते, आणि खटका उडाला तर तिथेच उडतो. माणसाचा डोळा कुठल्या क्रमाने फिरतो याला डिझाइनच्या भाषेत दृश्य अग्रक्रम म्हणतात. सगळ्यात आधी जे हवे ते सगळ्यात मोठे आणि ठळक. जे तपासायला लागते ते लहान, पण हाताशी. भावाचे अॅप काढणारा नवखा माणूस पहिल्या पडद्यावर बोधचिन्ह, घोषवाक्य आणि शेताचा फोटो घालतो, आणि भाव तिसऱ्या पडद्यावर जातो. पट्टी लिहिणाऱ्या मुनिमाने ही चूक कधी केली नसती.

मोंढ्यात दोन-तीन सकाळी नुसते उभे राहिले तरी आणखी बरेच हाती लागते. लिलावाला तिथे बीट म्हणतात. हळद एक नसते. बोटासारखी कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, आणि दोघांचे भाव वेगळे. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर सांगते. बीट चालू असताना शेतकऱ्याच्या एका हातात पिशवी असते आणि मोबाइल दुसऱ्या हातात, भर उन्हात, हळदीने माखलेल्या बोटांत. वहीत हे सगळे जसेच्या तसे लिहून घ्यायचे. विशेषतः शब्द. बटणावर ‘सबमिट’ लिहायचे, ‘सादर करा’ लिहायचे की ‘पाठवा’, हा वाद ऑफिसात बसून सुटत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेतले तर ‘सेव्ह’चे ‘वाचवा’ होते आणि पहिल्या पानाचे ‘घर’. ‘प्रमाण प्रविष्ट करा’ या तीन शब्दांपेक्षा ‘किती कट्टे?’ हे दोन शब्द जास्त काम करतात. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण बटण हे निबंधाचे वाक्य नव्हे.

बाहेरच्या जगात हे ज्ञान सूत्ररूपाने मांडले गेले आहे. जेकब नीलसन या डॅनिश तज्ज्ञाने 1994 साली दिलेले दहा नियम आजही पहिल्या धड्यात शिकवतात. त्यांपैकी तीन समजून घ्यायला परदेशी उदाहरणांची गरज नाही; ई-पीक पाहणीचे अॅप पुरेसे आहे. पूर्वी सातबाऱ्यावरची, म्हणजे गाव नमुना 12 मधली, पिकाची नोंद तलाठी करत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचा फोटो काढून ती नोंद करावी अशी सोय झाली; हा प्रकल्प राज्य शासनाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने राबवला. वर्षभरात, 1 ऑगस्ट 2022 रोजी, त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि त्यात काय बदलले हे बघणे हाच एक छोटा अभ्यासक्रम आहे.

दुसऱ्या आवृत्तीत फोटो काढताना निवडलेल्या गटाच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या, मध्यबिंदूपासून आपण किती अंतरावर उभे आहोत ते दिसू लागले, आणि फार लांब असल्यास तसा संदेश येऊ लागला. यंत्राला जे कळते ते माणसालाही त्याच क्षणी कळले पाहिजे, हा नीलसनचा पहिला नियम. केलेली नोंद 48 तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. माणूस चुकणारच, तेव्हा परतीची वाट ठेवावी, हा आणखी एक. मुख्य पिकाबरोबर आधी दोन दुय्यम पिके नोंदवता येत, ती तीन झाली. मराठवाड्यातल्या शेतात सोयाबीनमध्ये किंवा कापसात तुरीच्या ओळी असतात, बांधाला मूग-उडीद असतो. रानात जे आहे त्याला कागदावर जागा नसेल तर माणूस खोटे भरतो किंवा भरतच नाही. पडद्याची रचना वापरणाऱ्याच्या जगाशी जुळली पाहिजे, हा या तिघांतला शेवटचा. या तिन्ही बदलांत रंग, चित्र किंवा सजावट यांचा काही संबंध नव्हता. पहिल्या आवृत्तीत त्रुटी राहिल्या यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाखो लोकांच्या हातात जाईपर्यंत त्या दिसतच नाहीत. छोट्या संस्थापकाचे भाग्य एवढेच की त्याला त्या पाच माणसांतही दिसू शकतात. तो मुद्दा पुढे येईल.

नोंदवही भरली की कागद-पेन्सिल घ्यावी. संगणक अजून नको. चौकटीच्या वहीत मोबाइलच्या आकाराचे आयत काढून एका आयतात एकच काम मांडायचे: भाव बघणे, कुकर ठरवणे, पैसे देणे. ही पद्धत गरिबीची नाही. 1984 च्या मॅकिंटॉश संगणकावरची चिन्हे सुझन केअर या चित्रकर्तीने आलेखाच्या वहीतच काढली होती. एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, आडवे 32, उभे 32. कागदावरची रेघ खोडायला कोणाचे मन दुखावत नाही. प्रोग्रामरने आठवडा घालून बनवलेला पडदा मात्र चुकीचा असला तरी ठेवून घेतला जातो, कारण ‘आता झालाच आहे तर असू दे’.

डोळा आणि हात यांचे नियम थोडे आहेत आणि पाठ करण्यासारखे आहेत. 1954 साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की एखाद्या जागेपर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो: जवळचे आणि मोठे पटकन सापडते, दूरचे आणि बारीक चुकते. म्हणून मुख्य बटण पडद्याच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात असावे. गुगलच्या मार्गदर्शिकेत स्पर्शाची जागा किमान 48 एकक धरली आहे, ती प्रत्यक्षात सुमारे 9 मिलिमीटर भरते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक वेबच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार किमान 4.5 ला 1 हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ऑफिसातल्या एसीत फार सभ्य दिसतात. एप्रिलमध्ये दुपारी बाराला मोंढ्यात ती दिसतच नाहीत. भाव चढला हे फक्त हिरव्याने आणि उतरला हे फक्त लालने सांगू नये, कारण काही पुरुषांना त्या दोन रंगांतला फरकच कळत नाही. सोबत बाण द्यावा. आणि मोकळी जागा. तिला वाया गेलेली जागा समजून भरून टाकायची खोड प्रत्येक नवख्याला असते. पट्टीवरही हिशोब आणि सही यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा सोडलेली असते, ती उगीच नव्हे.

देवनागरीचा प्रश्न वेगळा, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तके इथे उपयोगाची नाहीत. रोमन अक्षराला वर-खाली चिन्हे लागत नाहीत. मराठी अक्षराच्या शिरोरेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार बसतात आणि पायाशी उकार लटकतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत मराठी टाकले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘र्‍हस्व’ किंवा ‘शुद्धी’सारखे शब्द चेंगरतात. उपाय साधा आहे: ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवणे, अक्षर एखाद-दोन अंकांनी मोठे घेणे, आणि सगळ्यात वाईट शब्द आधी घालून बघणे. बटणाच्या रुंदीचेही तेच. ‘ओके’ मावले म्हणून ‘पुन्हा प्रयत्न करा’ मावेल असे नाही, आणि न मावलेला शब्द तीन टिंबांत संपला तर नेमका अर्थच कापला जातो.

फॉन्टच्या बाबतीत मराठी माणसाने गरीब वाटून घेण्याचे कारण नाही. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला. ते सुलेखनकार होते आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात, आणि ‘मुक्त’ लहान आकारातही पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. अंक कुठले घ्यायचे हेही ठरवून टाकावे. इथे रूढ उत्तर एकच नाही: हिशोबाच्या वह्यांत देवनागरी अंक दिसतात, मोबाइलवर आणि नोटांवर लोक 1, 2, 3 सर्रास वाचतात. एका पडद्यावर दोन्ही मिसळणे मात्र वाईट, कारण देवनागरी एक आणि रोमन नऊ घाईत सारखे दिसतात. पैशांच्या पडद्यावर अशी गफलत झाली तर माफी मिळत नाही.

मराठी इंटरफेसचा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘स्वरचक्र’. मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा कळफलक 2013 मध्ये लोकांसाठी खुला झाला. अडचण अशी होती की देवनागरीची अक्षरे आणि चिन्हे टंकयंत्राच्या चौकटीत कोंबली की कुठले कुठे आहे ते पाठ करावे लागते. स्वरचक्रात व्यंजने शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत: क ख ग घ, च छ ज झ. ‘क’वर बोट टेकले की त्याच्याभोवती चक्र उघडते आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी तयार दिसते, बोट न उचलता हव्या त्या बाजूला सरकवले की अक्षर उमटते. चक्रातले हलन्त चिन्ह निवडले तर पुढच्या व्यंजनाशी जोडाक्षर कसे दिसेल ते कळफलकच दाखवतो. पाठ करायचे काही उरत नाही, कारण क्रम पहिलीतच पाठ झालेला असतो. पाठांतरापेक्षा ओळख सोपी, हा नीलसनच्या दहांतला आणखी एक नियम. तो इथे पाटीवरच्या बाराखडीतून आला आहे. ज्याला चित्र काढता येत नाही अशा संस्थापकाने शिकावे ते हे: वापरणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते शोधायचे आणि त्यावर इमारत उभी करायची. हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या डोक्यात पट्टी आहे, सातबारा आहे, पंचांग आहे आणि व्हॉट्सअॅप आहे. एवढ्या सामग्रीत अर्धे अॅप होते.

आता तपासणी. नीलसन आणि टॉम लँडॉअर यांनी 1993 साली मांडलेल्या हिशोबानुसार एका माणसाला वापरताना पाहिले की सरासरी 31 टक्के दोष दिसतात आणि पाच माणसांत सुमारे 85 टक्के. म्हणजे हजार लोकांचे सर्वेक्षण नको. पाच जण आणि चहा पुरे. पण ते पाच एकाच तऱ्हेचे हवेत. शेतकऱ्यांचे पाच वेगळे, आडत्यांचे पाच वेगळे, कुकरवाल्यांचे वेगळे. मित्र चालत नाहीत; ते वा वा करतात.

पद्धत अशी. मोबाइल एखाद्या शेतकरी काकांच्या हातात द्यायचा, ‘काका, उद्याला कुकर पाहिजे असं समजा, ठरवून दाखवा, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला’ एवढेच सांगायचे आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणे सगळ्यात अवघड. काका तारखेच्या चौकटीवर दोनदा टिचकी मारतात, काहीच होत नाही, मग चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, ‘आमालं नाही जमत बुवा हे.’ त्या क्षणी संस्थापकाचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे ठेवला तर कळते की काकांना तारीख निवडायचीच नव्हती. त्यांना ‘उद्या’ हे बटण हवे होते. हळद शिजवायचा कुकर महिन्याभरानंतरसाठी कोणी ठरवत नाही. उद्या, परवा आणि ‘तारीख सांगतो’ अशी तीन बटणे पुरतात, कॅलेंडर तिसऱ्यामागे लपले तरी चालते. असा शोध कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

नवख्यांच्या रचनेत हमखास राहून जाते ती वाईट दिवसांची सोय. रेंज गेली, पैसे कापले पण पावती आली नाही, आज बीटच झाले नाही म्हणून भाव नाही: या प्रत्येक प्रसंगाचा पडदा वेगळा लिहावा लागतो. रिकामा पांढरा पडदा म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी अॅप बिघडले. ‘आज बाजार बंद. कालचा भाव खाली आहे.’ या दोन वाक्यांनी फोन करून विचारणाऱ्यांची संख्या कमी होते. ‘त्रुटी 404’ने ती वाढते.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पडदे रचायचे ‘फिग्मा’ 2016 पासून सर्वांसाठी खुले आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि सुरुवातीपुरते फुकट आहे. कागदावरचे आयत त्यात आठवडाभरात चढतात. बटणे, यादी, तारखांच्या चौकटी नव्याने घडवत बसू नये. गुगलने 2014 मध्ये मांडलेल्या मटेरियल डिझाइनमधले तयार भाग घ्यावेत, कारण अँड्रॉइड वापरणाऱ्यांच्या बोटांना त्यांची सवय झालेली आहे. अभ्यासासाठी मुंबई आयआयटीचा डिझाइन विभाग (स्थापना 1969) चालवत असलेले ‘डी-सोर्स’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. याच विभागातल्या शिक्षकांनी मतदान यंत्राच्या बाह्यरचनेवर काम केले होते. उमेदवारासमोर चिन्ह, चिन्हासमोर एक बटण, दाबले की लाल दिवा आणि लांब आवाज: वाचता न येणाऱ्यालाही वापरता येणारी, देशातल्या बहुतेक प्रौढांनी स्वतः हाताळलेली इंटरफेस हीच. ती वापरायला कोणी शिकवणी लावत नाही.

एका बाबतीत आता कायद्याचाही धाक आहे. नको असलेली सेवा आधीच निवडून ठेवणे, ‘रद्द करा’ दिसणार नाही इतके फिके करणे, शेवटच्या पडद्यावर अचानक शुल्क चढवणे, अशा 13 फसव्या रचनांना केंद्राच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. परदेशी अॅपची नक्कल करताना त्या नकळत आत येतात. पट्टीवर न सांगता वाढलेली वजावट जितकी खपते, तितकीच पडद्यावरची खपेल.

धंदा चालू लागला, दोनशे-तीनशे माणसे रोज येऊ लागली, की पगारी डिझाइनर घ्यायची वेळ येते. तोपर्यंत शिकलेले वाया जात नाही. नव्या माणसाला द्यायला संस्थापकाजवळ मोंढ्यातल्या शब्दांची वही असते, खोडलेल्या आयतांचे कागद असतात आणि कोणता काका कुठे अडला याची टिपणे असतात. डिझाइनर त्यावरून रंग बदलेल, अक्षरे नीट करेल, अंतरे मोजून घेईल. ‘उद्या’ हे बटण मात्र तो काढणार नाही, कारण ते का आले हे टिपणात लिहिलेले असेल.